थंडगार बिअर आणि टोब्रुकचे मराठे

वॉर फिल्म म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आपल्या वयाचे बहुतेक जण 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'चं नाव घेतील, कुणी 'बॉर्डर'चं, आणि ज्यांना जरा शायनिंग मारायची असते ते नोलनच्या 'डंकर्क'चं. आई-बाबांच्या पिढीकडे 'गन्स ऑफ नॅव्हरॉन' आणि 'व्हेअर ईगल्स डेअर' असे दोन हुकमी एक्के असतात. अ‍ॅलिस्टर मॅक्लिनच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद त्यांच्या कपाटात पिवळे पडत बसलेले असतात, तेही याच प्रेमापोटी. या सगळ्यांत कुठेतरी पूल उडवायचा असतो, तोफा उडवायच्या असतात, आणि ते झालं की उरलेले हिरो समुद्राकडे बघत सिगारेट पेटवतात. मस्त असतात हे सिनेमे. माझी काही तक्रार नाही.

पण या धडामधुडुमच्या मागे एक अख्खी रांग उभी आहे, तिच्याकडे आपल्यापैकी फारसं कुणी बघत नाही. साधारण १९४२ ते १९६५ या काळात ब्रिटनमध्ये बनलेले युद्धपट. बहुतेक ब्लॅक अँड व्हाईट. त्यात स्फोट कमी आणि चहा जास्त असतो. माणसं दमलेली असतात, दाढी वाढलेली असते, वरिष्ठांचे आदेश मूर्खपणाचे असतात आणि तरी ते पाळावे लागतात. ऑफिसात तीन वर्षं काढलेल्या कुणालाही हे वातावरण ओळखीचं वाटेल. फक्त इथे डेडलाईन चुकली तर जहाज बुडतं.

माझी आणि या सिनेमांची गाठ पडली ती टीव्हीमुळे. मी सातवी-आठवीत असेन, म्हणजे २००९-१०च्या सुमारास, आमच्या धंतोलीच्या केबलवर टीसीएम यायचं. जुन्या हॉलिवूड सिनेमांची वाहिनी. उन्हाळ्यात सगळं घर हॉलमधल्या कूलरसमोर झोपायचं, त्यामुळे टीव्हीचा आवाज एकवर. आणि नागपुरी कूलरचा आवाज काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्या घरघरीत इंग्रजी संवाद ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी नुसते चेहरे बघायचे. एका रात्री असाच अर्ध्यातून एक सिनेमा लागला होता. वाळूचा किनारा, रांगा लावून उभी असलेली हजारो माणसं, आणि त्यांच्यात एक बुटकासा कॉर्पोरल आपल्या चार-पाच पोरांना सांभाळत कुठेतरी निघालेला. नाव कळलं नाही. मधेच झोप लागली. तो १९५८चा 'डंकर्क' होता, हे कळायला मला पुढची सात-आठ वर्षं लागली, तीही नोलनचा 'डंकर्क' २०१७ मध्ये आला म्हणून.

टीव्हीची ही एक गंमत होती. तो तुम्हाला विचारायचा नाही. आता ओटीटीवर तुम्ही मागच्या आठवड्यात काय पाहिलं यावरून पुढच्या आठवड्याचं ताट वाढलं जातं, आणि त्या ताटात १९५३ची ब्लॅक अँड व्हाईट बोट कुणी वाढत नाही. टीसीएम आमच्या केबलवरून कधी गेलं, तेही कळलं नाही. मी बारावी, मास कॉम, डेडलाईन्स या गडबडीत होते. आता रात्री कॉपी लिहिताना टीव्ही चालू असतो, तो स्मार्ट आहे, आणि जुन्या सिनेमांची नावं मीच त्याला घालते. पण पहिली ओळख त्या मुक्या रात्रींची.

यात मी एकटी नाही, आणि माझ्या सोबतीला जरा मोठी माणसं आहेत. मार्टिन स्कॉर्सेसीनं मायकल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीचे सिनेमे पहिल्यांदा पाहिले ते लहानपणी, न्यूयॉर्कच्या घरात, टीव्हीवर. कारण अगदी व्यावहारिक आहे. सुरुवातीच्या काळात हॉलिवूडचे स्टुडिओ टीव्हीला शत्रू समजायचे आणि त्याला आपले सिनेमे विकायचेच नाहीत. ब्रिटिश कंपन्यांना पैसे हवे होते, त्यांनी विकले. त्यामुळे अमेरिकेतली एक पिढी घरबसल्या ब्रिटिश सिनेमे बघत मोठी झाली. रंगीत सिनेमे ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीवर, कापलेले, मधे जाहिराती, तरीही. २०२४ मध्ये 'मेड इन इंग्लंड' नावाची डॉक्युमेंटरी आली, तिच्यात स्कॉर्सेसी हेच सांगत बसलाय, आणि एखादा काका आपल्या गावच्या जत्रेबद्दल सांगतो तसा रंगून सांगतो. खुद्द ब्रिटनमध्ये हे सिनेमे विस्मरणात गेले होते. तिथे २०१५ मध्ये एका बाप-लेकीनं 'टॉकिंग पिक्चर्स टीव्ही' नावाची वाहिनी घरच्या घरी चालवायला घेतली, फक्त जुन्या सिनेमांची आणि मालिकांची, आणि ती चांगली चालली.

या जोडीचाच 'द लाईफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प' (१९४३) घ्या. ऐन महायुद्धात बनलेला, आणि त्यातला सर्वांत शहाणा, सर्वांत दुःखी माणूस जर्मन आहे! चर्चिल इतका चिडला की त्यानं हा सिनेमा बंद पाडायचा प्रयत्न केला. प्रेसबर्गर स्वतः हंगेरीचा ज्यू, बर्लिनमधून जीव वाचवून आलेला. जर्मनांचा राग करायचा सर्वाधिक अधिकार ज्याला होता, त्यानं हे पात्र लिहिलं. पावणेतीन तासांचा आहे, एका बैठकीत जमलं नाही तर दोन रविवार करा. डेबरा कर त्यात तीन वेगवेगळ्या बायका होऊन येते, तिच्यासाठी तरी कराच.

'वेन्ट द डे वेल?' (१९४२) याच्या उलट टोकाचा. एका गोड इंग्लिश खेड्यात सैनिक येतात, गावकरी त्यांना चहा पाजतात, घरात ठेवून घेतात, आणि मग कळतं की हे ब्रिटिश गणवेशातले जर्मन आहेत. गाव लढतं. गावची पोस्टमास्तरीण एका जर्मनाच्या डोळ्यांत मिरपूड फेकते आणि कुऱ्हाडीनं त्याचा निकाल लावते. आमच्याकडे हा सीन लागला तेव्हा आई भाजी चिरत होती. ती थांबली आणि म्हणाली, 'मिरपूड कशाला, आपलं तिखट टाकलं असतं तर कुऱ्हाड लागलीच नसती.' भिवापूरची मिरची माहीत असलेल्या बाईला हिटलरची काय भीती?

'द क्रूएल सी' (१९५३) मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निकोलस मॉन्सेरातच्या कादंबरीवरचा. तो स्वतः अशा छोट्या जहाजांवर नोकरी केलेला. जॅक हॉकिन्स कप्तान आहे. त्याच्या जहाजाखाली जर्मन पाणबुडी असल्याचा संशय येतो, आणि नेमक्या त्याच जागी पाण्यात बुडालेल्या जहाजावरचे वाचलेले खलाशी हात हलवत, 'आले, आपल्याला घ्यायला आले' म्हणत तरंगतायत. पाणबुडीवर स्फोटकं टाकायची तर ही माणसं मरणार. न टाकावी तर पाणबुडी पुढच्या जहाजांना बुडवणार. तो काय करतो ते सांगत नाही. पण पाणबुडी खाली खरंच होती का, याचं उत्तर सिनेमा शेवटपर्यंत देत नाही, आणि त्या माणसाला त्याच अंधारात पुढची ड्युटी करावी लागते. मी तो पाहिल्यावर दोन दिवस दुसरं काही पाहिलं नव्हतं.

आणि 'द हिल' (१९६५). शॉन कॉनरी ऐन जेम्स बाँडच्या भरात असताना त्यानं हा केला. वाळवंटातला ब्रिटिश लष्करी तुरुंग, मधोमध वाळू-दगडांची एक टेकडी, आणि शिक्षा म्हणून कैद्यांनी ती पूर्ण सामानासकट चढायची-उतरायची, पुन्हा चढायची. पार्श्वसंगीत नावालाही नाही. शत्रू एकही दिसत नाही, सगळे आपलेच. ज्यांचा मॅनेजर एक्सेल शीट चौथ्यांदा परत पाठवतो त्यांनी हा सिनेमा जपून पाहावा.

आता ज्या सिनेमासाठी मी हे पान लिहायला बसले त्याच्याकडे येते. 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स', १९५८. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन, ज्यानं तीनच वर्षांनी 'गन्स ऑफ नॅव्हरॉन' केला. तो जगानं डोक्यावर घेतला, हा मागे राहिला. अमेरिकेत तर याची इतकी कापाकापी झाली की निम्माच उरला म्हणा, आणि नाव बदलून 'डेझर्ट अटॅक' केलं. सिनेमात धड अटॅकही नाही! आहे काय, तर एक अ‍ॅम्ब्युलन्स. १९४२, लिबियातलं टोब्रुक शत्रूच्या वेढ्यात सापडणार असं दिसतंय. कॅप्टन अ‍ॅन्सन (जॉन मिल्स), एक मेकॅनिक सार्जंट-मेजर आणि दोन नर्स यांनी ही 'केटी' नावाची ऑस्टिन अ‍ॅम्ब्युलन्स वाळवंटातून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला न्यायची. वाटेत एक धिप्पाड दक्षिण आफ्रिकन अधिकारी गाडीत बसतो. त्याच्या बॅगेत काय आहे ते कुणाला माहीत नाही. अ‍ॅन्सन दारूडा झालाय, पार खचलाय, आणि त्याला फक्त एक गोष्ट चालती ठेवते : अलेक्झांड्रियाच्या एका बारमधला थंडगार बिअरचा ग्लास. तिथे पोचेपर्यंत एक थेंब घेणार नाही, अशी शपथ त्यानं घेतलीय.

मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ ओलांडतो तेव्हा, हा सिनेमा पाहून बघा. त्या ग्लासावरून ओघळणारा थेंब दिसला की मिनरल वॉटर पिणाऱ्याचाही जीव खालीवर होतो. आणि धंतोलीत राहणाऱ्याला अ‍ॅम्ब्युलन्स ही काही नवलाई नाही. आमच्या गल्ल्यांत दर दोन इमारतींमागे एक हॉस्पिटल, त्यामागे एक पॅथॉलॉजी लॅब, आणि दोन्हीसमोर डबल पार्किंग. रात्री केटी पडद्यावर वाळूत रुतते तेव्हा खिडकीखाली खरी अ‍ॅम्ब्युलन्स सायरन वाजवत कुणाच्या तरी एसयूव्हीमागे रुतलेली असते. दोन्ही ड्रायव्हरांचे चेहरे सारखेच.

या सिनेमाचा कळस म्हणजे एक चढ. वाळूचा उभा डोंगर आहे, इंजिनाच्या जोरावर केटी वर जात नाही. मग ती चौघं तिला उलटी फिरवतात, रिव्हर्स गिअरमध्ये टाकतात, आणि पुढचं हँडल हातानं फिरवत फिरवत, इंचाइंचानं, पाठमोरी वर चढवतात. उन्हात. कितीतरी वेळ. आणि वर पोचता पोचता हँडल सुटतं, गाडी सरळ खाली. कुणी भाषण देत नाही, कुणी रडत नाही. खाली जातात, पुन्हा हँडल धरतात.

गेल्या उन्हाळ्यात मी हा सीन पाहत होते आणि मागून आवाज आला, 'अंगठा कुठाय त्याचा?'

आजोबा. वय पंच्याऐंशी. झोप येत नाही म्हणून उठले होते. सिनेमात त्यांना काडीचा रस नाही, जुन्या हिंदी गाण्यांपलीकडे ते टीव्ही बघत नाहीत. पण उभ्या उभ्या ते पडद्यावरच्या त्या हँडलकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'मागे घे नं. अंगठा पाहू दे.'

आमचे पणजोबा, म्हणजे आजोबांचे वडील, दुसऱ्या महायुद्धात फौजेत ड्रायव्हर होते. घरात त्यांचा गणवेशातला एक फोटो आहे, कोपऱ्यातून बुरशी लागलेला. काटोलकडच्या खेड्यातून १९४२ मध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात गेले, १९४६ मध्ये परत आले. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. अंगणात आलेल्या माणसाला पाहून ते आईला विचारायला गेले होते की हे कोण. पणजोबांनी युद्धाबद्दल घरात कधी एक शब्द काढला नाही. हिवतापानं अधूनमधून थरथरायचे, गावात कुणी फटाका फोडला की उठून आत जायचे, एवढंच. आणि एक गोष्ट. आजोबा दहा-बारा वर्षांचे असताना कडबाकुट्टीचं हँडल फिरवत होते, चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूनं आवळून. पणजोबांनी मागून येऊन खाडकन मुस्काटात मारली. मग त्यांचा हात धरून अंगठा सोडवला आणि बाकीच्या बोटांच्या ओळीत, हँडलच्या त्याच बाजूला ठेवला. इंजिन कधीकधी उलटा झटका मारतं. अंगठा आवळलेला असेल तर मोडतो. कडबाकुट्टीला कुठलं आलंय इंजिन? पण एवढंच ते सांगू शकले असावेत.

आम्ही तो सीन तीनदा मागे घेतला. फ्रेम थांबवली. जॉन मिल्सचा अंगठा काही नीट दिसला नाही.

'यात सारे गोरेच आहेत का?' आजोबांनी विचारलं.

हा प्रश्न मी तोवर स्वतःला विचारलाच नव्हता. 'हो,' म्हटलं. आणि मग रात्री दीड वाजता लॅपटॉप उघडला.

तर ऐका. टोब्रुक, जिथून केटी निघते. २० जून १९४२च्या पहाटे रोमेलनं टोब्रुकवर शेवटचा हल्ला चढवला तो तटबंदीच्या आग्नेय कोपऱ्यावर. आधी विमानांतून बाँब, मग तोफा, मग रणगाडे. त्या कोपऱ्यावर कोण होतं? अकराव्या भारतीय ब्रिगेडची ५ मराठा लाईट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. कोकणातली, साताऱ्या-कोल्हापूरकडची पोरं. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं, तीस हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. म्हणजे कॅप्टन अ‍ॅन्सन ज्या गावातून बिअरच्या ओढीनं निघाला, त्या गावाचा जो दरवाजा फुटला त्या दरवाजात मराठी माणसं उभी होती. 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स' दोन तासांहून मोठा आहे. कॅमेरा एकदा जरी त्या दिशेला वळला असता!

मग मी बाकीच्या सिनेमांकडे नव्यानं बघायला लागले. डंकर्कच्या किनाऱ्यावरून भारतीय सैनिकही परतले होते. खेचरांच्या तांड्यांवरचे लोक, बहुतेक पंजाबी मुसलमान. खेचरं मागे सोडून यावं लागलं. १९५८च्या 'डंकर्क'मध्ये मला त्यातला एकही दिसला नाही, २०१७च्या नोलनवर तर याबद्दल चांगलीच टीका झाली. 'द कोल्डिट्झ स्टोरी' (१९५५) हा जर्मन किल्ल्यातून पळणाऱ्या युद्धकैद्यांचा सिनेमा. त्या किल्ल्यात खरोखर एक भारतीय होता, डॉ. बीरेंद्रनाथ मजुमदार, ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलातला. तिथून हलवलं जावं म्हणून त्यानं चक्क उपोषण केलं, हलवलं गेल्यावर पळाला आणि स्वित्झर्लंड गाठलं. कुठल्याही पटकथाकारानं यावर उडीच मारायला हवी. सिनेमात तो नाही.

ब्रह्मदेशाचं तर विचारूच नका. जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीत निम्म्याहून बरेच अधिक सैनिक भारतीय होते. १९४५ मध्ये हॉलिवूडनं 'ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!' काढला. त्यात एरॉल फ्लिन आणि त्याचे अमेरिकन दोस्त ब्रह्मदेशात मर्दुमकी गाजवतात, ब्रिटिश जवळजवळ गायब. लंडनमध्ये एवढा गदारोळ झाला की आठवड्याभरात सिनेमा उतरवावा लागला, आणि पुन्हा लागला तो थेट १९५२ मध्ये, सुरुवातीला सारवासारवीचे दोन शब्द जोडून. आम्हाला आमच्याच लढाईतून वगळलं, ही ब्रिटिशांची तक्रार शंभर टक्के रास्त होती. पुढे त्यांनी स्वतः ब्रह्मदेशावर सिनेमे काढले आणि तेच केलं.

आणि हे सगळं दूर कुठे नाही. महार रेजिमेंटची पहिली बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली. त्यासाठी डॉ. आंबेडकरांनी सरकारदरबारी जोर लावला होता. दुसरी बटालियन कुठे उभी राहिली? कामठीत! आपण ढाब्यावर जेवायला जातो त्या कामठीत. तीच बटालियन पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. रायगडच्या माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, तिथेच मारला गेला, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय २२. इटलीतल्या मोंटोने गावात २०२३ मध्ये त्याचं स्मारक झालं. इटालियन लोकांना आठवण आहे.

मग ब्रिटिशांच्या नावानं बोटं मोडून हे सिनेमे बंद करायचे का? मला नाही तसं वाटत. 'द क्रूएल सी'मधला कप्तान खोटा नाही, आणि केटीचा चढही खोटा नाही. ज्यांनी हे काढले त्यातले बरेच जण नुकतेच युद्धातून आले होते, आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच त्यांनी दाखवलं. आपल्या माणसांवर सिनेमे आपण काढायला हवे होते, आणि एकदा काढलाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर, जे चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता गेले. व्ही. शांतारामांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', १९४६. तोही असाच एखाद्या दुपारी टीव्हीवर लागतो आणि आपण चॅनल बदलतो.

हां, एका ब्रिटिश सिनेमात मात्र आपल्या शेजारची जमीन भरपूर दिसते. 'द सी वुल्व्ह्ज', १९८०. गोष्ट खरी आणि इतकी अचाट की पटकथा लेखकाची थाप वाटावी. पोर्तुगालचा गोवा युद्धात तटस्थ, म्हणून मुरगाव बंदरात तीन जर्मन जहाजं आणि एक इटालियन जहाज आश्रयाला थांबलेलं. त्यातल्या 'एरेनफेल्स'वरून पाणबुड्यांना गुपचूप संदेश जातायत असा इंग्रजांना संशय. तटस्थ बंदरात आरमार पाठवता येत नाही. मग कुणाला पाठवलं? कलकत्त्याच्या हौशी घोडदळातल्या अकाउंटंट, व्यापारी अशा पोट सुटलेल्या ऑफिसर मंडळींना! गाळ वाहून नेणारा एक जुनाट बार्ज कलकत्त्याहून अख्ख्या भारताला वळसा घालून आला, बरेच जण रेल्वेनं कोचीला जाऊन त्यात चढले, आणि ९ मार्च १९४३च्या रात्री या लोकांनी एरेनफेल्सवर चढाई केली. जर्मनांनी आपली जहाजं आपल्याच हातानं बुडवली. छापा घालणारे दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ऑफिसात. पुढची तीसेक वर्षं सगळं गुपचूप.

सिनेमा तसा बेताचाच आहे. ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि सत्तरीला टेकलेला डेव्हिड निव्हन पोटं आत ओढून धावतात. पण शूटिंग गोव्यात झालंय, आणि ते जुनं, शांत, विना-रिसॉर्टचं गोवा पाहायला मी तो दोनदा पाहिला. शिवाय, ज्यांना वाटतं की पस्तिशीनंतर ऑफिसवाल्या माणसाच्या आयुष्यात काही थरारक घडत नाही, त्यांना तेवढाच धीर.

आता प्रॅक्टिकल मुद्दा. हे सिनेमे मिळवायला थोडी खटपट लागते. नाव टाकलं की भलतंच काही समोर येतं ('द हिल' शोधलात तर हिल स्टेशनच्या ट्रॅव्हल शोमध्ये अडकाल), म्हणून सोबत साल टाका. सबटायटल्स घ्याच, १९४३चं इंग्रजी आपल्या कॉल सेंटर इंग्रजीला झेपत नाही. आणि मोबाईलवर बघू नका. घरच्या टीव्हीवर लावा, हॉलमध्ये, सगळ्यांच्या येण्याजाण्यात. कुणीतरी भाजी चिरता चिरता थांबेल, कुणीतरी मागे येऊन उभं राहील.

आजोबा आता अधूनमधून विचारतात, नवीन काय लावलं म्हणून. परवा म्हणाले, 'ब्रह्मदेशाचा नाही का एखादा?'

म्हटलं, दोन आहेत. एक 'यस्टरडेज एनिमी', १९५९चा, पण तो सगळा स्टुडिओतला. दुसरा 'द पर्पल प्लेन', १९५४, रंगीत, ग्रेगरी पेक आहे, विमान पडतं आणि तिघं जण उन्हातान्हात चालत राहतात.

'आपले लोक आहेत त्यात?'

'फारसे नाहीत.'

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'लाव तरी. बाबांनी गाडी चालवली ते रस्ते तर दिसतील.'

शनिवारी लावणार आहे. 'पर्पल प्लेन'चं शूटिंग श्रीलंकेत झालं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.